राउटर घेण्याआधी भिंती बघा

राउटर बदलायचं मनात आलं की दुकानाकडे किंवा ऑनलाइन सेलकडे वळण्याआधी घरात बसून तीन आकडे काढा. लॅपटॉप घ्या, नेटवाल्याने भिंतीवर लावलेल्या डब्याला तो लॅनच्या वायरने जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. हा पहिला आकडा. मग वायर काढा, वाय-फाय सुरू करा आणि डब्यापासून दोन-तीन हातांवर बसून परत टेस्ट. हा दुसरा. तिसरा आकडा जिथे नेट रडतं तिथला: मागची बेडरूम, बाल्कनी, मुलीचं अभ्यासाचं टेबल, जे असेल ते. हे सगळं एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-दहाला करा, कारण रात्री सगळी सोसायटी एकदम नेटवर असते.

चिंचवडला आमचं नेटवर्किंगच्या सामानाचं दुकान आहे. राउटर विकणं हाच धंदा, तरी मी गिऱ्हाइकाला आकडे काढायला घरी परत पाठवते, आणि माझ्या भावाला ते पटत नाही. पण आकडे न बघता विकलेला राउटर आठवड्याभरात खोक्यासकट परत येतो, आणि त्याच्यासोबत ‘ताई, तुम्हीच तर म्हणाला होतात’ हे वाक्यही येतं. त्यापेक्षा एक चक्कर जास्त पडलेली बरी.

आता आकडे वाचायचे कसे? वायरवरचाच आकडा प्लॅनपेक्षा फार कमी असेल तर दोष बहुतेक लाइनीत आहे. दहा हजारांचा राउटर लावलात तरी तो आहे तेवढंच नेट वाटणार. तक्रार नोंदवा, आणि नोंदवताना वायरवरच्या टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा, म्हणजे ‘तुमचा मोबाइल जुना आहे’ हे उत्तर मिळणार नाही. वायरवर आकडा चांगला आणि डब्याशेजारी वाय-फायवर तो निम्म्याच्याही खाली, असं असेल तर मात्र राउटर जुना झालाय किंवा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर अडकलाय (राउटरच्या वाय-फायच्या दोन वाटा असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; त्यांनाच बँड म्हणतात). आधी ५ गिगाहर्ट्झवर जोडून बघा. एवढ्यानेच काम झालं तर पैसे वाचले. आणि डब्याजवळ उत्तम, पण आतल्या खोलीत दाणादाण, अशी तऱ्हा असेल तर तुमचं भांडण भिंतीशी आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी या तिसऱ्या गटातली असतात आणि मागत असतात ‘फास्ट राउटर’.

एक आकडा मात्र खास लक्षात ठेवा: ९४. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आहे आणि वायरवर टेस्ट दरवेळी ९४-९५ वर येऊन थांबते, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं बूच बसलेलं आहे. ते बूच डब्याच्या किंवा लॅपटॉपच्या पोर्टमध्ये असेल किंवा वायरीत.

वायर तपासणं सोपं आहे. लॅनच्या वायरीच्या टोकाला जो पारदर्शक प्लास्टिकचा जॅक असतो तो उजेडात धरा. आत आठ रंगीत तारा शेजारी शेजारी पोचलेल्या दिसल्या पाहिजेत: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी जोडीदारीण. घाईत जॅक मारणारी पोरं अनेकदा केशरी आणि हिरवी जोडीच जॅकमध्ये घालतात. निळी आणि तपकिरी जोडी मागेच कापून वायरीच्या सालीखाली दडवलेली असते. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, त्यामुळे नेट चालतं आणि कोणाला संशय येत नाही. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र आठही लागतात. नवा जॅक चहाच्या पैशात येतो. अशा घरी राउटर न विकता जॅक बदलून आलेय, आणि त्या घरच्यांनी नंतर पाठवलेली गिऱ्हाइकं राउटरच्या नफ्यापेक्षा जास्त ठरली.

घरात नेट येतं कशातून

हे ठरल्याशिवाय कुठला डबा घ्यायचा ते ठरत नाही. ऑनलाइन ‘मोडेम राउटर’ म्हणून शोधलंत की निम्मे डबे जुन्या टेलिफोनच्या तारेसाठी बनवलेले निघतात. त्यांच्या मागे टेलिफोनची पिन बसते असं अरुंद, चौकोनी भोक असतं आणि खोक्यावर एडीएसएल किंवा व्हीडीएसएल लिहिलेलं असतं. एडीएसएल २ प्लस या प्रकाराची कागदावरची कमाल मजल २४ एमबीपीएस, आणि एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितकी ती कमी. फायबरच्या जोडणीला या डब्यातलं मोडेम काहीच कामाचं नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून हा डबा घेऊन आलेले काका मला दर काही महिन्यांनी भेटतात.

फायबर असेल तर भिंतीतून बारीक वायर येते आणि तिच्या टोकाला बहुधा हिरव्या रंगाचा चौकोनी कनेक्टर असतो. ती ज्या डब्यात जाते तो ओएनटी. त्याला बरेच जण मोडेमच म्हणतात आणि त्यात बिघडलं काही नाही. हा डबा सहसा बदलू नका. त्याचा सिरियल नंबर नेटवाल्याच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, व्हीलॅनचे (नेटवाल्याच्या जाळ्यातल्या वाटेचे) आकडे त्यात भरलेले असतात, आणि लँडलाइनचा फोन त्याच डब्यातून चालत असेल तर दुसरा डबा लावल्यावर फोनची घंटी बंद. जीपॉन जातीच्या फायबरवर वरून खाली येणारा वेग २.४८८ गिगाबिट असतो आणि तो स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. म्हणजे ओएनटीला वेगाची कमी नसते. कमी असते त्याच्या वाय-फायला. तेव्हा ओएनटी राहू द्या, त्याचं वाय-फाय बंद करा आणि त्याच्या मागे तुमचा राउटर वायरने लावा.

ओएनटीवर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटलंय किंवा फार वाकलंय. तो लाल दिवा लागलेला नसूनही नेट अडखळत असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची ताकद डीबीएम या मापात बघता येते (उण्याचा आकडा जितका मोठा तितकी ताकद कमी): उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा, उणे २७ च्या आसपास असेल तर लाइनमनला बोलवा. कनेक्टर काढून आत डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. आणि वायर कपाटामागे काटकोनात दाबलेली असेल तर आधी ती मोकळी करा.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांत अजून आहे: केबलवाल्याचा स्विच जिन्यात किंवा गच्चीवर, आणि तिथून थेट लॅनची वायर घरात. इथे मोडेम लागतच नाही. साधा राउटर घ्या, त्यात पीपीपीओई निवडा, युजरनेम-पासवर्ड टाका. गच्चीवरून येणाऱ्या वायरीवर पावसाळ्यात वीज कडाडली की राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरचं नेट जिथून आत येतं ते भोक) जळतो, तेव्हा ढग जमले की ती वायर काढून ठेवलेली बरी.

चौथा प्रकार आमच्याकडे उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत येतो. अमेरिकेतल्या मुलाने स्वतःचा जुना ‘मोडेम राउटर’ आईवडिलांसाठी बॅगेतून आणलेला असतो. त्याच्या मागे टीव्हीच्या केबलसारखा आट्यांचा पितळी पोर्ट दिसला की तो तिकडच्या केबल इंटरनेटचा डबा. इकडच्या फायबरला तो जुळत नाही. मागे वॅन पोर्टही नसेल तर नाद सोडा. नुसता राउटर आणला असेल तर चालेल, फक्त ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते वाचा, नुसतं १२० असेल तर प्लगमध्ये घालायच्या आधीच थांबा.

भिंती

खरं दुखणं इथे आहे.

वाकड, पुनावळे, ताथवडे या बाजूला गेल्या काही वर्षांत ज्या उंच इमारती झाल्या, त्यांतल्या बऱ्याच मायवान पद्धतीच्या आहेत. ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे, आत सळ्यांची जाळी बांधायची आणि भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झटपट होतं, भिंत गुळगुळीत येते, आणि वाय-फाय मरतं. विटेच्या घरात फक्त खांब आणि तुळया काँक्रीटच्या असतात. इथे आतली प्रत्येक भिंत सळ्यांची आहे. हॉलमध्ये ३०० एमबीपीएस आणि दोन भिंतींपलीकडच्या बेडरूममध्ये मोबाइलवर चार कांड्यांऐवजी एक, ही तक्रार अशा घरांतून एवढी येते की हल्ली फोनवर मी पहिला प्रश्न ‘इमारत कधीची?’ असाच विचारते. भिंतीत खिळा ठोकून बघा. तो ड्रिलशिवाय जातच नसेल तर उत्तर मिळालं.

सदाशिव, नारायण पेठेतल्या उरलेल्या वाड्यांत मातीच्या, दोन-दोन फुटी भिंती. कोकणात जांभ्याचे चिरे, आणि पावसाळ्यात ते ओल धरतात; पाणी वाय-फायच्या लहरी शोषतं, त्यामुळे ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. याच कारणाने माशांची टाकी आणि पाण्याचं पिंप यांच्यामागे राउटर ठेवू नये. लोखंडी कपाट, फ्रिजची पाठ, मोठा आरसा हेही अडवतात. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे राउटरच्या २.४ च्या शेजारीच. दूध गरम करताना मुलाचा क्लास अडकतो तो उगाच नाही.

५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ चा बँड लांब जातो, पण सोसायटीत शेजारच्या वीस-तीस घरांचे राउटर त्याच गर्दीत असतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एखादं मोफत ॲप टाका, कुठल्या चॅनेलवर कमी भाऊगर्दी आहे ते बघा आणि राउटरमध्ये हाताने तो चॅनेल लावा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. त्याच ॲपमध्ये प्रत्येक खोलीतला सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. उणे ५० म्हणजे फार छान, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ७५ च्या पुढे गाडी अडखळायला लागते. घराचा नकाशा काढून खोलीखोलीत हे आकडे लिहा. दुकानात येताना मला एवढा कागद दाखवलात तर पाच मिनिटांत काम होतं.

मग राउटर हलवून बघा. आपल्याकडे नेटवाला दारातून आत येतो आणि दाराशीच डबा ठोकून जातो. किंवा टीव्हीच्या युनिटमध्ये, सेट-टॉप बॉक्सवर, बंद काचेमागे. घराच्या मध्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. पॅसेजची भिंत सगळ्यात उत्तम. त्यासाठी ओएनटी दारातच राहू द्या आणि तिथून दहा मीटर लॅनची वायर ओढा. राउटरच्या अँटेनातून लहरी आडव्या पसरतात, टोकातून जवळपास काहीच निघत नाही, म्हणून एका मजल्याच्या घरात सगळ्या अँटेना उभ्या ठेवा. वर-खाली मजला असेल तर एखादी आडवी करून बघा. अँटेना किती आहेत याने घाबरून किंवा हुरळून जाऊ नका. कोळ्यासारखे पाय पसरलेले गेमिंगचे राउटर दिसायला जोरदार असतात, पण मायवानच्या भिंतीला त्यांच्या दिसण्याशी काही देणंघेणं नाही.

खोक्यावरचे आकडे

एवढं करूनही नवा राउटर हवाच असेल तर खोका उलटा करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते.

एसी १२०० म्हणजे २.४ बँडचे ३०० आणि ५ बँडचे ८६७, दोन्हींची बेरीज गोळाबेरीज करून. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो, म्हणजे १२०० हा आकडा कुठल्याच फोनला मिळत नाही. एएक्स १५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एएक्स ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२, त्यातले २४०२ फक्त १६० मेगाहर्ट्झची रुंद पट्टी वापरली तर, आणि तेवढी रुंदी तुमच्या फोनलाही जमत असेल तर. त्यातही हे हवेतले आकडे आहेत. हातात पडतात त्याच्या साठ-सत्तर टक्के, तेही राउटर समोर असताना.

एसी म्हणजे वाय-फाय ५, एएक्स म्हणजे वाय-फाय ६, बीई म्हणजे वाय-फाय ७. आज नवीन घेताना वाय-फाय ६ च्या खाली जाऊ नका. त्याचा फायदा एकट्या फोनच्या वेगापेक्षा गर्दीत जास्त दिसतो: टीव्ही, चार फोन, दोन लॅपटॉप, कॅमेरा, आजोबांचा टॅब हे सगळे एकदम बोलायला लागले तरी तो प्रत्येकाला वेळ वाटून देतो. अर्थात फोनही तसा हवा. आयफोनमध्ये वाय-फाय ६ आलं ते ११ पासून, २०१९ मध्ये. घरातले सगळे फोन त्याआधीचे असतील तर घाई नाही.

वाय-फाय ७ बद्दल हल्ली रोज विचारणा होते. त्याची खरी गंमत ६ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या बँडवर आहे. आपल्याकडे त्या बँडचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, विनापरवाना खुला करण्याच्या नियमांचा मसुदाच मुळी मे २०२५ मध्ये निघाला, म्हणजे घरच्या वाय-फायसाठी हा बँड इथे नवाच. त्यामुळे बाजारात बीई ३६०० लिहिलेले जे परवडणारे डबे आहेत ते दोनच बँडचे आहेत: ६८८ आणि २८८२. वाईट नाहीत, पण ६ गिगाहर्ट्झ त्यात नाही. वाय-फाय ७ साठी जास्त पैसे मोजत असाल तर खोक्यावर ‘ट्राय-बँड’ आणि ६ गिगाहर्ट्झ दोन्ही शोधा, नाहीतर तेच पैसे दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या डब्यावर घाला.

मला विचाराल तर खोक्यावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ पोर्टची. १०/१०० लिहिलंय की १०/१००/१०००? टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे आपल्याकडे भरपूर खपलेले दोन राउटर. दोन्ही एसी १२००, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला सी५० लावला की वाय-फाय कितीही चांगलं असलं तरी वॅनच्या तोंडातूनच ९४ आत येणार. प्लॅन १०० चा आहे आणि तोच राहणार आहे तर फरक पडत नाही. २.५ गिगाबिटचा पोर्ट एक गिगाबिटच्या वरच्या प्लॅनलाच लागतो. इतरांनी त्याचे पैसे देऊ नयेत.

किती वेग लागतो तेही बघा. नेटफ्लिक्स फोर-के साठी १५ एमबीपीएस सांगतं आणि फुल एचडीसाठी ५. दोन टीव्ही, दोन ऑफिसचे कॉल आणि एक क्लास एकदम चालला तरी १०० च्या प्लॅनमध्ये जागा उरते. आणि फाइल उतरताना स्क्रीनवर सेकंदाला २५ एमबी दिसले की ‘२०० चे पैसे घेऊन २५ देतात’ असं भांडू नका. बिट आणि बाइटमध्ये आठपटीचा फरक असतो, हिशोब बरोबर आहे.

एक डबा पुरत नसेल तेव्हा

वन बीएचकेला एक राउटर पुरतो. विटेच्या टू बीएचकेलाही मधोमध ठेवला तर पुरतो. मायवानचा थ्री बीएचके, रो-हाउस, गावाकडचं लांबट घर यांना पुरत नाही, कितीही महागडा घेतला तरी. कारण बोलायचं दोघांनी असतं. राउटर मोठ्याने ओरडला तरी तुमच्या फोनचा बारीक आवाज परत राउटरपर्यंत पोचायला हवा.

सगळ्यात स्वस्त म्हणून लोक रिपीटर घेतात आणि जिथे सिग्नल मरतो त्या खोलीत नेऊन लावतात. तिथे त्यालाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर निम्म्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे. तरीही एकाच बँडवर ऐकणं आणि सांगणं दोन्ही करताना वेग साधारण निम्मा होतो. मेश हा त्याचा सुधारलेला भाऊ: सगळ्या डब्यांचं नाव एक, फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जातो. पण दोन डब्यांमधली बातचीत हवेतूनच होत असेल तर मायवानची भिंत तिथेही आडवी येतेच.

म्हणून वायर. मी हे दिवसातून इतक्यांदा सांगते की भाऊ वैतागतो, पण एका खोलीपासून दुसऱ्या खोलीपर्यंत ओढलेली एक वायर महागड्या राउटरला मागे टाकते. नव्या फ्लॅटमध्ये टेलिफोनसाठी भिंतीतून पाइप टाकलेले असतात आणि त्यात टेलिफोनची तार नुसती पडून असते. तिलाच कॅट ६ ची लॅनची वायर बांधून दुसऱ्या टोकाने ओढली की काम झालं. पाइपात वाटेवर सिमेंट पडलं नसेल तर. इंटेरियरचं काम सुरू असेल तर सुतार येण्याआधी हे उरका, पीओपी झाल्यावर कोणी भिंतीला हात लावू देत नाही.

वायर घेताना एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत बाहेर तांबूसच राहिली तर शुद्ध तांबं. वरची तांबूस झिलई निघून आत चांदीसारखा रंग दिसला तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं असतं, किंवा नसतंच. ती वाकवली की तुटते, जॅकमध्ये सैल होते, आणि लांबी वाढली की गिगाबिटचं १०० होतं. भिंतीच्या आत अशी वायर कधीच घालू नका. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

घेताना आणि लावताना

हॉलच्या एका राउटरसाठी माझी शिफारस सरळ आहे: वाय-फाय ६, एएक्स १५०० किंवा ऐपत असेल तर एएक्स ३०००, सगळे पोर्ट गिगाबिट, मेश जोडायची सोय असलेला आणि भारतातली वॉरंटी असलेला. मेशची सोय अशासाठी की पुढे दुसरा डबा लागला तर पहिला फेकायला लागू नये. पण मेश बहुतेक एकाच कंपनीच्या डब्यांमध्ये जमतं, हे घेतानाच लक्षात ठेवा. तळाच्या स्टिकरवर हार्डवेअर व्हर्जन बघा. त्याच नावाच्या राउटरचं व्हर्जन बदललं की आतली चिपही बदललेली असू शकते, आणि तुम्ही वाचलेला रिव्ह्यू भलत्याच डब्याचा निघतो. बिल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, थर्मल पेपरवरचं बिल वर्षभरात कोरं होतं. नेटवाल्यांचे जुने डबे जुन्या बाजारात दोनशे-तीनशेला मिळतात, ते घेऊ नका. त्यांचं सॉफ्टवेअर कंपनीने कुलूपबंद केलेलं असतं.

लावताना ओएनटीच्या लॅन १ मधून वायर काढून राउटरच्या वॅनमध्ये घाला. ओएनटीच नेट जोडत असेल (युजरनेम-पासवर्ड त्यातच भरलेलं असेल) तर राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं सगळ्यात सोपं, म्हणजे तो फक्त वाय-फाय देतो. राउटर मोडमध्येच चालवायचा असेल तर ओएनटी आणि राउटर दोघांचाही पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१ नाही ना ते बघा. असला तर राउटरचा बदला, नाहीतर दोघंही एकाच नावाने हाक मारल्यावर ओ देतात आणि नेट येत नाही. बाहेरून कॅमेरा बघायचा असेल तर नेटवाल्याकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये करून घ्या, म्हणजे ओएनटी नेट नुसतं पुढे सोडतो आणि जोडायचं काम राउटर करतो. तरीही जमलं नाही आणि राउटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या टप्प्यात दिसला तर तुम्ही नेटवाल्याच्या सामायिक पत्त्यामागे आहात; मग स्थिर आयपी विकत घ्यावा लागतो किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरावं लागतं.

एक धोक्याची सूचना. काही बिघडलं की टाचणीने मागचं रिसेटचं बटण दाबायची आपल्याकडे फार हौस. त्याने पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि मग शनिवारी रात्री नेटवाल्याचा फोन लागत नाही. आधी त्या पानाचा फोटो काढा.

वाय-फायला डब्ल्यूपीए २ किंवा ३ हे कुलूप लावा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, एकदा अपडेट करा. स्मार्ट प्लग आणि स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वर जोडले जातात, त्यासाठी २.४ बंद करू नका. जोडणी जमत नसेल तर तेवढ्यापुरती दोन्ही बँडची नावं वेगळी करा.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे राउटरबरोबर मिनी यूपीएस बराच खपतो. घेताना दोन गोष्टी बघा. ॲडॉप्टरवर व्होल्ट किती (बहुधा १२, कधी ९) आणि अँपिअर किती. यूपीएसचा व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. दुसरं म्हणजे राउटरला वीज देऊन ओएनटी अंधारात ठेवला तर वाय-फायच्या कांड्या दिसतील आणि नेट नसेल. दोन आउटपुटचा घ्या किंवा दोन घ्या.

जुना राउटर भंगारात देऊ नका. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.१.२५० करा (नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर १९२.१६८.०.२५०), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड नव्यासारखंच ठेवा, आणि नव्याच्या लॅन पोर्टमधून वायर आणून जुन्याच्या लॅन पोर्टमध्येच घाला, वॅनमध्ये नाही. मागच्या बेडरूमचा प्रश्न बरेचदा एवढ्यावर सुटतो.